छोटा नंबर हवा, तर आधी तो कुठे वाजेल ते ठरवा

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेची, शेतकरी उत्पादक कंपनीची नाहीतर नगर परिषदेची बैठक सुरू असते आणि कुणीतरी विचारतं, "एकशे आठसारखा तीन आकडी नंबर आपल्यालाही मिळेल का हो?" प्रश्न भाबडा नाही. दहा आकडी नंबर वहीत लिहून ठेवावा लागतो आणि नडीच्या वेळी वही सापडत नाही. तीन-चार आकडे मात्र निरक्षर आजीच्याही तोंडात बसतात. उत्तर सरळच द्यायचं तर ते असं : तीन आकडी नंबर बहुधा मिळणार नाही, आणि समजा मिळाला, तरी तेवढ्यानं फोन उचलला जात नाही. या लेखात दोन्ही गोष्टी पाहू. असलेले छोटे नंबर नीट कसे वापरायचे आणि आपल्या संस्थेला खरोखर काय मिळू शकतं.

छोट्या नंबरला स्वतःची तार नसते, हे आधी ध्यानात घ्या. तुम्ही १०७७ फिरवता तेव्हा दूरसंचार कंपनीची यंत्रणा पाहते की हा फोन कोणत्या भागातून आला, आणि त्या भागासाठी १०७७ पुढे कोणता पूर्ण नंबर नोंदवला आहे. मग फोन त्या पूर्ण नंबरावर वाजतो. म्हणजे छोटा नंबर ही फाट्यावरची पाटी आहे. गाव तिच्या पुढे आहे. पाटी चुकीच्या दिशेला फिरली असेल तर अक्षरं कितीही ठळक रंगवली तरी माणूस भलत्याच गावी पोचतो. ही नोंद बीएसएनएल, जिओ, एअरटेल, व्हीआय अशा प्रत्येक कंपनीला आपापल्या यंत्रणेत वेगळी करावी लागते. एखादा नंबर एका सिमवरून लागतो आणि दुसऱ्यावरून लागत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

हिंगोलीत हा मुद्दा जरा जास्तच लागू पडतो. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके, आणि चहूबाजूंनी वाशीम, यवतमाळ, नांदेड, परभणी. ईसापूर धरणाच्या एका काठावर आपला जिल्हा, दुसऱ्या काठावर यवतमाळ. सीमेवरच्या गावात मोबाइल जो टॉवर पकडतो तो आपल्याच जिल्ह्यातला असेल याची खात्री नसते. मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठीचा १०७७ फिरवला की फोन शेजारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात वाजू शकतो. तिथला कर्मचारी भला असेल तर योग्य नंबर सांगेल, पण पुरात तेवढा वेळही मोठा असतो. म्हणून मोबाइलवरून फिरवताना एसटीडी कोड आधी लावा : ०२४५६, मग १०७७. हिंगोलीच्या बाहेर राहणाऱ्या मुलाला आई-वडिलांच्या गावासाठी फोन करायचा असेल तरी हाच मार्ग. शिवाय नियंत्रण कक्षाचा पूर्ण लँडलाइन नंबर जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन त्याच नोंदीत साठवा. पाटी पडली तरी गावाचा रस्ता आपल्याला ठाऊक असावा.

१०७७ चं महत्त्व या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज लोकांनी वर्षानुवर्षं ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ च्या पहाटे सहाच्या सुमारास ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे धक्के बसले. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा. हे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा वेळी तीन जिल्ह्यांतले हजारो फोन एकाच मिनिटात नियंत्रण कक्षांवर आदळतात आणि ज्याच्या घराची भिंत पडली आहे त्याचा फोन व्यस्त लागतो. तेव्हा नुसती भांडी वाजली असतील तर १०७७ फिरवू नका. नुकसान झालं असेल, कुणी अडकलं असेल तरच फिरवा. गावाच्या वतीनं तलाठी, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील यांपैकी एकानंच फोन करायचा, असं ग्रामसभेत ठरवून घेतलं तर फार बरं.

आपल्या हाताशी आधीच काय आहे

नवा नंबर मागण्याआधी ही चाचपणी करावीच, कारण बऱ्याच संस्थांना हवी असलेली सोय आधीच सुरू असते, फक्त कुणी वापरत नाही. सगळी यादी देत बसत नाही. आपल्या भागात खरोखर कामाला येणारे तेवढे सांगतो.

११२ हा पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय अशा सर्व तातडीच्या मदतीसाठीचा एकच नंबर. एकच नंबर असावा अशी शिफारस ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१५ मध्ये केली. महाराष्ट्रात ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. फोन हिंगोलीच्या ठाण्यात नव्हे, नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांना तातडीच्या कळीची सक्ती आहे : स्मार्टफोनवर चालू-बंद करायचं बटण झटपट तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरायची. शेतात एकट्यानं काम करणाऱ्या बाईला हे दाखवून ठेवण्यासारखं आहे. फोन करून झाल्यावर मोबाइल बंद करू नका, कारण निघालेली गाडी पत्ता विचारायला तुम्हालाच परत फोन करते.

१०८ रुग्णवाहिकेची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांनिशी. तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात औंध इथं. आता विचार करा, घाबरलेला माणूस फोनवर "औंढ्याहून बोलतो" म्हणतो आणि पलीकडचा पुण्यातल्या औंधात बसलेला असतो. तसंच सेनगावचं. घाईत उच्चारलेलं सेनगाव ऐकणाऱ्याला शेगाव वाटू शकतं आणि शेगाव पडलं बुलढाण्यात. वसमतला अर्धा जिल्हा बसमत म्हणतो. म्हणून गावाचं नाव एकटं कधीही सांगू नका. क्रम असा ठेवा : जिल्हा हिंगोली, तालुका अमुक, गाव तमुक, आणि मग जवळची खूण. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड पाहा. "हिंगोलीहून नांदेडकडे जाताना वारंगा फाट्याच्या अलीकडे" हे वाक्य "इथं मोठं झाड आहे ना, तिथंच" यापेक्षा दहा मिनिटं वाचवतं. रुग्णाला काय झालंय ते एका वाक्यात, आणि फोन ठेवण्याची घाई न करता. गरोदर माता आणि नवजात बाळाच्या ने-आणीसाठी १०२ वेगळा आहे. आशाताईंना तो पाठ असतो.

अकोला-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१. त्यावर गाडी बंद पडली, अपघात दिसला, रस्त्यावर जनावर पडलं तर १०३३. वीज गेली, तार तुटली तर महावितरणचा १९१२, किंवा १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. इथं एक गोष्ट करून ठेवा : वीजबिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकाशी आपला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या. मग फोन केल्यावर यंत्रणा तुम्हाला ओळखते आणि तक्रार लवकर नोंदली जाते. आजही बऱ्याच मीटरांना मुलीच्या लग्नाआधीचा, कधीच बंद झालेला नंबर जोडलेला असतो.

आजारी जनावरासाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२. रेशनच्या तक्रारीला १९६७. पीक विम्याच्या चौकशी-तक्रारीला १४४४७. शेतीचा सल्ला हवा तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा. हळदीवरच्या करप्यापासून सोयाबीनवरच्या अळीपर्यंत काहीही विचारा, मराठीत. लाच मागितली तर १०६४. हे सगळे नंबर फुकट आहेत आणि तरीही गावच्या फलकावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जेवढी जागा मिळते तेवढी यांना मिळत नाही.

१४४१६ बद्दल मात्र दोन ओळी जास्त. हा टेलिमानस, मानसिक आरोग्याचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला देशभर सुरू झाला. मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलला जातो. मराठवाड्यात कर्जानं आणि नापिकीनं खचलेल्या माणसाचं घरात कुणाशी बोलणं होत नाही. अनोळखी माणसाशी ते होऊ शकतं. पतसंस्था आणि सेवा सहकारी सोसायट्या थकबाकीची नोटीस पाठवतात. त्याच कागदावर खाली हा नंबर छापायला एक पैसाही जास्त लागत नाही.

आणि १९३०, ऑनलाइन फसवणुकीसाठी. पैसे गेल्याचं कळल्याक्षणी हा फिरवायचा, पोलीस ठाण्यात जाण्याच्या आधी. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असतात. ते वाटेतच गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. हीच सेवा २०२१ मध्ये १५५२६० या सहा आकडी नंबरावर सुरू झाली होती. घाबरलेल्या माणसाला तो आठवेना, म्हणून चार आकडी १९३० आला. छोटा नंबर कशासाठी असतो याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. दाखवायचा थाट म्हणून तो नसतो; हात थरथरत असताना आठवावा म्हणून असतो.

मग आम्हाला का नाही?

कारण हे आकडे मोजकेच आहेत. भारतात १ ने सुरू होणारी मालिका विशेष सेवांसाठी राखून ठेवलेली आहे. त्यात तीन आकडी नंबर किती होतील? १०० पासून १९९ पर्यंत, म्हणजे फार तर शंभर. त्यातही एक मेख आहे. लँडलाइनचं एक्सचेंज आकडे दाबले जातात तसे वाचत जातं. १०८ दाबून झालं की फोन लागलाच. मग १०८ नंतर आणखी आकडा जोडून चार आकडी नंबर वाटायला जागा उरत नाही. म्हणजे एक तीन आकडी नंबर दिला की चार आकड्यांचे दहा आणि पाच आकड्यांचे शंभर हातचे गेले. उलट १०७ कुणालाच न दिल्यामुळं राज्य नियंत्रण कक्षाला १०७० आणि जिल्ह्याला १०७७ देता आला. अलीकडचे नवे नंबर पाहा : ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, टेलिमानस १४४१६, पीक विमा १४४४७. सगळे पाच आकडी, १४ ने सुरू होणारे. केंद्र सरकारच्या योजनांनाही आता पाच आकडे घ्यावे लागतात, तिथं आपल्या बाजार समितीला तीन कुठून मिळणार?

हे नंबर दिल्लीतला दूरसंचार विभाग देतो. ट्राय फक्त शिफारशी करतं, त्यामुळं अर्ज घेऊन ट्रायकडे जाण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय क्रमांकन योजना २००३ ची आहे आणि तिच्या फेरआखणीबद्दल ट्रायनं फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या शिफारशींत १ ने सुरू होणारे छोटे नंबर सरकारी यंत्रणांनाच द्यावेत आणि त्यांच्या वापराची दरवर्षी तपासणी व्हावी, असं म्हटलं आहे. पूर्वी दार एवढं अरुंद नव्हतं. मुंबईत २००५ मध्ये सुरू झालेल्या एका खासगी रुग्णवाहिका सेवेला १२९८ हा चार आकडी नंबर मिळाला आणि ती त्याच नावानं ओळखली गेली.

त्याहून जुनं आणि शिकण्याजोगं उदाहरण १०९८ चं. १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइनचं काम सुरू झालं. दस-नौ-आठ, उलट मोजणी. शाळेत न गेलेल्या पोरालाही एकदा ऐकून पाठ होते. पुढं ती सेवा देशभर पसरली, केंद्र सरकारनं ती उचलून धरली आणि २०२३ पासून तिचं काम सरकारी यंत्रणेकडे गेलं. स्वयंसेवी कामाला छोटा नंबर मिळाला, कारण मागणारे आधी काम घेऊन उभे होते आणि ते काम कुठल्याही एका संस्थेच्या नावापेक्षा मोठं होतं. बालविवाह रोखणाऱ्या, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनी यातून एवढंच घ्यावं : वेगळा नंबर मागत बसण्यापेक्षा १०९८ वर येणारा हिंगोलीचा फोन जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत लगेच पोचतो की नाही, याचा पाठपुरावा करावा.

तरीही एखाद्या सरकारी कार्यालयाला खरोखर नव्या सेवेसाठी नंबर हवाच असेल, तर वाट अशी. जिल्हा परिषदेनं किंवा नगर परिषदेनं थेट दिल्लीला लिहून उपयोग नाही. प्रस्ताव मंत्रालयातल्या आपल्या विभागामार्फत गेला पाहिजे. त्यात सेवा काय आहे, ती जिल्ह्यापुरती की राज्यभर, फोन करणाऱ्याला फुकट ठेवायची का, मागे फोन उचलणारे पूर्ण नंबर कोणते आणि आधीच्या कोणत्याही नंबरावर हे काम का भागत नाही, हे स्पष्ट लिहावं. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे काम झालं असं समजून उद्घाटनाची तारीख ठरवू नका. त्यानंतर प्रत्येक दूरसंचार कंपनीकडे ते पत्र आणि आपले पूर्ण नंबर देऊन नोंद करून घ्यावी लागते. सर्व कंपन्यांच्या सिमवरून, पाचही तालुक्यांतून फोन लावून पाहावा, आणि मगच फलक रंगवावा.

संस्थेला मिळू शकणारे नंबर

पतसंस्था, रुग्णालय, शेतकरी कंपनी, देवस्थान यांच्यासाठी खरा पर्याय १८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर. तो दूरसंचार कंपनीकडून मिळतो. बीएसएनएलच्या जवळच्या कार्यालयात किंवा खासगी कंपन्यांच्या व्यवसाय विभागात अर्ज करता येतो. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, एका व्यक्तीला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव आणि त्या व्यक्तीची ओळखपत्रं, एवढी तयारी ठेवा. १८०० च्या मागे तुमचे असलेलेच लँडलाइन किंवा मोबाइल जोडले जातात. दिवसा कार्यालय, रात्री चौकीदार, एक व्यस्त असेल तर दुसरा, असं ठरवून देता येतं.

फोन करणाऱ्याला फुकट, म्हणजे बिल तुम्हाला. सही करण्याआधी हिशेब मांडा. दिवसाला ४० फोन, प्रत्येकी तीन मिनिटं, तर महिन्याला ३,६०० मिनिटं. हळदीच्या हंगामात भाव विचारणारे फोन याच्या तिप्पट होतील. मिनिटाचा दर, मासिक भाडं, किमान रक्कम, आणि तुमच्या मागच्या मोबाइलकडे फोन वळवण्याचं वेगळं शुल्क, हे चार आकडे लेखी मागा. खर्च वाटून घ्यायचा असेल तर १८६० ची सोय असते, त्यात फोन करणाऱ्यालाही काही पैसे पडतात. पण गावात १८०० आणि १८६० यातला फरक कुणी पाहत नाही. लोक दोन्ही फुकट समजतात आणि मग बॅलन्स गेला की नाव तुमचं खराब होतं. माझं मत, १८६० घेऊ नका.

आता जवळजवळ सर्वांच्याच मोबाइलवर बोलणं अमर्याद आहे. अशा वेळी टोल फ्री हवाच का, हा प्रश्न विचारला पाहिजे. लहान संस्थेला सोपा, लक्षात राहणारा दहा आकडी नंबर पुरतो. बीएसएनएल आणि इतर कंपन्या पसंतीचे नंबर जास्त पैसे घेऊन किंवा लिलावात देतात. शेवटचे चार-पाच आकडे एकाच धाटणीचे असले की पुरे. फक्त तो सचिवाच्या किंवा अध्यक्षांच्या नावावर घेऊ नका. संस्थेच्या नावावर घ्या. निवडणुकीत पॅनल पडलं आणि जुना अध्यक्ष सिम घेऊन घरी बसला, असं होण्याला दुसरा उपाय नाही. नंबर संस्थेचा असला की त्यावर व्हॉट्सॲपची व्यवसायाची सोयही करता येते आणि पावतीचा फोटो, सातबारा, रुग्णाची चिठ्ठी तिथं घेता येते. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांनी एकमेकांना चटकन फोन करावा एवढीच गरज असेल, तर सीयूजी योजनेत गटापुरते छोटे नंबर मिळतात. बाहेरच्या माणसाला मात्र ते लागत नाहीत.

एकच नंबर अनेक गावांनी वापरावा याचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण म्हणजे ग्रामसुरक्षा यंत्रणा, १८००-२७०-३६००. नाशिक, अहिल्यानगर, पुणे ग्रामीण अशा भागांत पोलिसांच्या मदतीनं ती रुजली. गावकऱ्यांचे मोबाइल आधी गावनिहाय नोंदवायचे. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली की नोंदवलेल्या माणसानं हा नंबर फिरवून आपल्या आवाजात निरोप बोलायचा. तोच आवाज काही क्षणांत गावातल्या सगळ्या फोनांवर वाजतो. प्रत्येक गावाला वेगळा नंबर लागत नाही, कारण यंत्रणा फोन करणाऱ्याच्या नंबरावरून गाव ओळखते. इथंही आकड्यांपेक्षा मागची नोंद मोलाची. सालगडी बदलले, सुना आल्या, सिमं बदलली, आणि यादी जुनीच राहिली तर निरोप मोकळ्या घरांत वाजत राहतो.

उचलणारा माणूस आणि रंगवणारा पेंटर

नंबर घेण्यावर जेवढी चर्चा होते त्याच्या दहावा हिस्साही तो कोण उचलणार यावर होत नाही. एका माणसाला "आजपासून हेल्पलाइन तुझ्याकडे" असं सांगून चालत नाही. तो जेवायला जातो, त्याच्या घरी लग्न निघतं, पंढरीच्या वारीलाही तो जातो. किमान दोन माणसं, पाळीचा कागद भिंतीवर, आणि एक वही. वहीत तारीख, वेळ, फोन करणाऱ्याचं गाव, अडचण, काय सांगितलं, आणि पुढं काय झालं. चोवीस तास देता येत नसेल तर देऊ नका. "सकाळी दहा ते संध्याकाळी सहा" असं फलकावर लिहिलेलं लोकांना चालतं. चोवीस तास लिहून रात्री वाजत राहणारा फोन चालत नाही. संध्याकाळी सहानंतर आपोआप एक ध्वनिमुद्रित निरोप लागावा, आणि त्यात तातडीसाठी ११२ व १०८ सांगितलेले असावेत. "एक दाबा, दोन दाबा" ची लांबण लावायची असेल तर पहिलीच निवड माणसाशी बोलण्याची ठेवा. निरोप शुद्ध पण साध्या मराठीत. लमाणी तांड्यांवरचे ग्राहक जास्त असतील तर गोरमाटी बोलणारा एक माणूस पाळीत असू द्या.

फलकाचं म्हणाल तर आकडे कोणत्या लिपीत रंगवायचे हा बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. मोबाइलच्या कळांवर इंग्रजी आकडे असतात. देवनागरी १ इंग्रजीतल्या नऊसारखा दिसतो, ७ सहासारखा, ४ आठसारखा. इंग्रजी माध्यमात शिकणारं पोर आजोबांसाठी फोन लावताना १०७७ चं काय करेल याचा नेम नाही. म्हणून नंबर दोन्ही लिपींत, एकाखाली एक रंगवा. लांब नंबर तुकड्यांत लिहा : १८०० २१२ ३४३५. भोंग्यावरून किंवा कीर्तनात सांगताना दोन्ही तऱ्हेनं सांगा, "एकशे बारा, म्हणजे एक, एक, दोन". १४४१६ ला कुणी "चौदा हजार चारशे सोळा" म्हटलं तर ऐकणाऱ्याला रक्कम वाटते. "चौदा, चार, सोळा" पटकन बसतं. फलक कुठे लावायचा? ग्रामपंचायतीच्या आत लावून उपयोग नाही, ती पाचला बंद होते. पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, एसटीचा थांबा, शाळेची बाहेरची भिंत.

फसवणूक आणि तक्रार

लोकांचा छोट्या आणि टोल फ्री नंबरांवर विश्वास असतो, आणि चोर नेमका तोच वापरतात. इंटरनेटवर बँकेचं नाव टाकून शोधलेला "कस्टमर केअर" नंबर अनेकदा बनावट असतो. नंबर पासबुकावरून, एटीएम कार्डाच्या मागून किंवा शाखेच्या फलकावरूनच घ्यावा. १८०० चा नंबर तुम्ही फिरवायचा असतो. त्याचं नाव सांगून कुणी तुम्हाला फोन केला तर सावध व्हा. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी दहा आकडी मालिका ठरवली आहे, जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ची. पतसंस्थांनी आपल्या सभासदांना हे वार्षिक सभेत सांगावं आणि हेही सांगावं की आमच्याकडून ओटीपी विचारणारा फोन कधीच येणार नाही, कोणत्याही नंबरावरून नाही.

एखादा सरकारी छोटा नंबर तुमच्या सिमवरून लागतच नसेल, किंवा सीमेवरून भलत्या जिल्ह्यात लागत असेल, तर दोन ठिकाणी कळवा. जी सेवा आहे त्या कार्यालयाला, म्हणजे १०७७ साठी जिल्हाधिकारी कार्यालयाला, गाव, वेळ आणि सिमच्या कंपनीचं नाव लिहून. आणि तुमच्या कंपनीच्या तक्रार केंद्राला १९८ वर. तिथं तक्रार क्रमांक मागून घ्या, तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. उत्तरानं समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. जुन्या माणसांना १९८ लँडलाइन बंद पडल्यावर फिरवायचा नंबर म्हणून आठवत असेल, तोच हा. ११२ आणि १०८ वर मात्र "लागतो का पाहू" म्हणून फोन करू नका, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा फोन थांबतो. चाचणी हवी असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाला किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र देऊन त्यांच्या माणसासमोर करून घ्या.

संस्थेचा नंबर बंद करायची वेळ आली, तर तो नुसता सोडून देऊ नका. रिचार्ज न केलेला मोबाइल नंबर कंपनी बंद करते, आणि बंद झाल्यानंतरचे नव्वद दिवस उलटले की तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या रुग्णालयाचा फलक वाचून फोन करणारा भलत्याच माणसाला आपलं दुखणं सांगत बसतो, किंवा त्याहून वाईट, पतसंस्थेचा जुना नंबर घेतलेला कुणी सभासदांकडे पैसे मागतो. नवा नंबर सुरू झाल्यावर जुना किमान वर्षभर चालू ठेवा, त्यावर नव्या नंबराचा निरोप लावा, बँक, वीजबिल, जीएसटी, आणि व्हॉट्सॲप अशा ज्या-ज्या ठिकाणी तो जोडला आहे तिथून काढा. फलकावरचे जुने आकडे नुसत्या पातळ चुन्यानं झाकू नका. पहिल्या पावसात ते पुन्हा वर येतात, ऑइल पेंट लावा.